करवंदाचं सरबत, फिकट बाटली आणि फुगलेला आकडा

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या एका तालुक्यातलं हे प्रकरण आहे. गावाचं, बचत गटाचं आणि व्यापाऱ्याचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी जवळच्या महाविद्यालयात अन्नशास्त्र शिकवते. गटाने सल्ला विचारला आणि तिथून पुढे शेवटपर्यंत मी या कामात होते.

चैत्र सरत आला की डोंगरातल्या करवंदीच्या जाळ्या काळ्या पडायला लागतात. बायका पहाटे डबे घेऊन निघतात आणि काटे चुकवत ऊन चढायच्या आत परततात. मग घाटरस्त्याला पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसतात. पहिला दमदार पाऊस झाला की हंगाम संपला. फळ नाजूक असतं. आज तोडलेलं करवंद उद्या दुपारपर्यंत पाणी सोडतं, म्हणून संध्याकाळी उरलेला माल पडेल त्या भावात जातो. हा तोटा टाळायला गटाने सरबत करायला घेतलं होतं. परवाना होता, स्टीलची भांडी होती, आणि तालुक्याच्या बाजारात सरबताला बऱ्यापैकी गिऱ्हाईकही होतं.

कोकमाच्या मानाने करवंद मागे राहिलेलं फळ आहे. कोकमातल्या गार्सिनॉलवर आणि हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लावर भरपूर काम झालंय. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं. करवंदाच्या लागवडीच्या जाती मोजक्याच आहेत, बहुतेक माल अजून रानातूनच येतो. एका जाळीचं फळ दुसरीसारखं नसतं. कुठलं काळंभोर आणि मधाळ, कुठलं तांबूस आणि जीभ आखडवणारं. संशोधनाच्या दृष्टीने ही मौज आहे, पण बाटलीत भरून विकायचं म्हटलं की तीच डोकेदुखी होते.

पुण्याच्या एका व्यापाऱ्याने गटाचं सरबत चाखलं आणि पूर्ण हंगामाचा माल उचलायची तयारी दाखवली. भाव चांगला होता, आगाऊ रक्कमही द्यायला तो तयार होता. अट एकच. सरबत त्याच्या ओळखीच्या कारखान्यात बाटलीबंद होईल आणि लेबल त्याचं असेल. लेबलाचा मसुदा त्याने मोबाइलवर पाठवला : ‘सूज, सांधेदुखी व मधुमेहावर गुणकारी. ल्युपिऑल, अर्सोलिक आम्ल व अँटिऑक्सिडंटयुक्त.’

अडचण

व्यापारी थापा मारत नव्हता. त्याने शोधनिबंधांची चळतच पाठवली होती. करवंदाच्या फळात ल्युपिऑल आणि अर्सोलिक आम्ल आढळतं, हे खरं आहे. ही दोन्ही ट्रायटर्पिन नावाच्या वनस्पतिजन्य द्रव्यांच्या कुळातली आहेत आणि प्रयोगशाळेत त्यांचा दाहविरोधी परिणाम दिसलेला आहे. फळाचा काळा-लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, त्यातही मुख्यतः सायनिडिन गटातल्या द्रव्यांचा. ती अँटिऑक्सिडंट आहेत, यातही वाद नाही. करवंदाच्या अर्कामुळे उंदरांच्या पंजाची सूज कमी झाल्याचे प्रयोगही प्रसिद्ध झालेले आहेत.

पण ते अर्क कशाचे होते हे पाहायला हवं. बरेचसे मिथेनॉलमध्ये काढलेले. काही फळाचे, काही पानांचे, काही तर मुळांचे. ट्रायटर्पिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती फळाच्या सालीवरच्या मेणचट थरात बसलेली असतात. सरबत करताना फळ शिजवतात, गाळतात आणि साल-बियांचा चोथा टाकून देतात. म्हणजे लेबलावर ज्या दोन द्रव्यांची नावं ठळक छापायची होती, ती बहुतांश उकिरड्यावर जात होती.

मात्रेचंही तसंच. या प्रयोगांत उंदराच्या दर किलो वजनामागे 200 ते 400 मिलिग्रॅम सुका अर्क देण्याची पद्धत आहे. मोठ्या उंदरावरून माणसाची मात्रा काढताना ढोबळमानाने 6 ने भागतात. त्या हिशेबाने 60 किलोच्या माणसाला 2 ते 4 ग्रॅम सुका अर्क लागेल, तोही मिथेनॉलमध्ये काढलेला. आता सरबताचा पेला घ्या. स्क्वॅशमध्ये, म्हणजे पाणी घालून प्यायच्या घट्ट सरबतात, किमान 25 टक्के फळरस असावा लागतो. पाऊणशे टक्के पाणी घालून केलेल्या पेल्यात 50 मिलिलिटर स्क्वॅश धरलं, तर करवंदाचा रस जेमतेम 15 ग्रॅम भरतो. साखर मात्र 25 ग्रॅमच्या आसपास जाते. दिवसभरातली वरून घातलेली साखर शक्यतो तेवढ्यातच आवरा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो सगळा कोटा एका पेल्यात संपवणारं पेय मधुमेहावर गुणकारी म्हणून विकायचं होतं!

गटापुढचा पेच वेगळाच होता. पैसा खरा होता आणि जवळ आला होता. माझे आक्षेप बायकांना पटत होते, पण गटाच्या अध्यक्ष ताईंनी सरळ विचारलं, “मॅडम, लेबल त्याचं, कारखाना त्याचा. मग आमच्यावर काय येतंय?”

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ताईंनी सुचवलेला. माल द्यायचा, पैसे घ्यायचे, लेबलाकडे बघायचं नाही. कायद्याच्या बाजूने हा वाटतो तितका सुरक्षित नव्हता. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 च्या कलम 53 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यापुरता मर्यादित नाही, तीत सहभागी असणाऱ्यालाही आहे. दाव्यांसाठी 2018 ची स्वतंत्र नियमावली आहे. आजार बरा करतो, टाळतो असं खाद्यपदार्थाच्या लेबलावर लिहिता येत नाही. शिवाय मधुमेह आणि संधिवात हे दोन्ही औषधं आणि जादूटोणायुक्त उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरोधी 1954 च्या कायद्याच्या यादीत आहेत. मसुद्यावर ‘उत्पादक’ म्हणून गटाचं नाव घालायचं होतं, कारण ‘आदिवासी महिलांनी बनवलेलं’ हाही व्यापाऱ्याच्या विक्रीचाच भाग होता. म्हणजे नाव गटाचं जाणार होतं.

दुसरा पर्याय : ऑर्डर सोडायची आणि आहे तसं तालुक्यात विकत राहायचं. जोखीम शून्य, पण संध्याकाळच्या उरलेल्या मालाचा प्रश्न जिथल्या तिथे.

तिसरा व्यापाऱ्याकडून आला. आजारांची नावं काढतो म्हणाला, पण ‘अँटिऑक्सिडंटने समृद्ध’ ठेवू, आणि त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊ. ऐकायला हा मधला मार्ग वाटला. गटाचा कल इकडेच होता. मी ‘नको’ म्हटलं नाही. अहवाल आल्यावर ठरवू, असं आमचं ठरलं. तपासणीचा खर्च व्यापाऱ्याने उचलला.

चौथा मी मांडलेला : औषधी भाषा पूर्ण सोडायची, रंग आणि चव टिकवण्यावर पैसा घालायचा आणि ‘करवंदाचं सरबत’ एवढंच म्हणून विकायचं. यात आगाऊ रक्कम मिळण्याची शक्यता कमी, म्हणून तो शेवटी राहिला.

अहवाल

व्यापाऱ्याने दोन नमुने तपासायला दिले. एक गटाने केलेलं ताजं सरबत, परिरक्षक (टिकाऊपणासाठीचं रसायन) न घातलेलं, फ्रिजमध्ये ठेवलेलं. दुसरी त्याच्या कारखान्यात भरलेली चाचणीची बाटली. तिच्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे परिरक्षक घातलं होतं, ज्याला सगळे केएमएस म्हणतात.

अहवाल आला तेव्हा दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या. गटाची गर्द लाल, उजेडात धरली तर कडेला जांभळी झाक. कारखान्याची फिकट गुलाबी, जवळजवळ लिंबू सरबताच्या वाटेला लागलेली. आणि अहवालात ‘एकूण पॉलिफिनॉल’ (अँथोसायनिनसारखी फिनॉल गटातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) या रकान्यात फिकट बाटलीचा आकडा लाल बाटलीपेक्षा वरचढ होता. व्यापारी खूश. गटातली एक तरुण मुलगी, बारावी सायन्स झालेली, दोन्ही बाटल्यांकडे बघत म्हणाली, “मॅडम, लाल होतं तवर कमी औषध, नि धुतल्यावर जास्त झालं?”

त्या एका प्रश्नाने प्रकरण फिरलं.

एकूण पॉलिफिनॉल मोजायला फोलिन-सिओकॅल्टू अभिकर्मक वापरतात. मूळ रंग पिवळा. समोरचं द्रव्य त्याला इलेक्ट्रॉन देऊ शकत असेल तर तो निळा होतो आणि त्या निळेपणावरून आकडा काढून गॅलिक आम्लाच्या मापात मांडतात. गोम अशी की, इलेक्ट्रॉन कुणी दिले हे त्याला कळत नाही. फिनॉलने दिले तरी निळा, क जीवनसत्त्वाने दिले तरी निळा, आणि सल्फाइटने दिले तरी निळाच. केएमएसमधून सरबतात सल्फाइटच येतं.

तेच सल्फाइट अँथोसायनिनला चिकटून त्याचा रंग घालवतं. म्हणूनच फळप्रक्रियेच्या कुठल्याही जुन्या प्रशिक्षणात जांभूळ, फालसा, कोकम असल्या रंगीत रसांत केएमएस घालू नका, सोडियम बेंझोएट घाला, असं सांगतात. कारखान्याचं नेहमीचं काम लिंबू आणि आंब्याचं. त्यांनी सवयीने केएमएस टाकलं. त्यात लबाडी नव्हती.

पाकाची चाचणी

नुसतं तोंडी सांगून व्यापाऱ्याला पटणार नव्हतं, आणि का पटावं? त्याच्या हातात शिक्का मारलेला कागद होता. म्हणून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही तिसरा नमुना केला : साखर, पाणी, सायट्रिक आम्ल आणि स्क्वॅशसाठी चालत आलेल्या 350 पीपीएम (दहा लाख भागांत 350 भाग) सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेइतकं केएमएस, म्हणजे किलोला साधारण 0.6 ग्रॅम. करवंदाचा थेंबही नाही. ताई, ती मुलगी आणि व्यापारी तिघेही समोर उभे होते.

परीक्षानळीत पाक घातला, फोलिन घातलं, सोडियम कार्बोनेट घातलं आणि थांबलो. सुरुवातीला काही दिसेना. मग तळापासून हिरवट छटा चढली आणि बघता बघता नळी निळी झाली. शेजारची नळी बिनकेएमएसच्या साध्या पाकाची होती. तिच्यात नाव घेण्यासारखा निळेपणा आला नाही. फळ नसलेल्या पाकात ‘पॉलिफिनॉल’ सापडलं होतं.

दुसरी गोष्ट दाखवली ती फिकट बाटलीची. तिच्यातलं थोडं सरबत घेऊन त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडले. पीएच 1 च्या जवळ आला, म्हणजे द्रावण तीव्र आम्ल झालं, तसा लाल रंग वर आला. पूर्ण नाही, पण स्पष्ट दिसेल इतका. सल्फाइट आणि अँथोसायनिनची जोडी तीव्र आम्लात सुटते, त्यामुळे झाकलेला रंग परत दिसतो. जो परत आला नाही तो उष्णतेने आणि साठवणीने कायमचा गेलेला. व्यापाऱ्याला या एका नळीने जितकं पटलं, तितकं माझ्या तासाभराच्या बोलण्याने पटलं नव्हतं.

त्यानंतर दोन्ही बाटल्यांतलं अँथोसायनिन थेट मोजलं. पीएच 1.0 आणि पीएच 4.5 अशा दोन द्रावणांत नमुना घालून 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचन घ्यायचं, 700 ला गढूळपणाची वजावट करायची, आणि फरकावरून सायनिडिन-3-ग्लुकोसाइडच्या मापात उत्तर काढायचं. पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. या मोजणीत क्रम उलटला : गटाचं सरबत वर, कारखान्याचं खाली.

डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारी चाचणीही करून बघा, असा आग्रह व्यापाऱ्याने धरला होता. ती मी टाळली. डीपीपीएचचा जांभळा रंग 517 नॅनोमीटरला मोजतात आणि करवंदाचा स्वतःचा लाल रंग त्याच पट्ट्यात येतो. वेगळा कोरा नमुना ठेवून वजावट केली तर मोजता येतं, पण तो आकडा पुन्हा लेबलावर गेला असता, आणि मला तेच नको होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली प्रसिद्ध यादी संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या आणि परीक्षानळीतल्या क्षमतेवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही. अँथोसायनिन पोटात गेलं तरी रक्तात मूळ रूपात पोहोचतं ते अगदी थोडं.

घेतलेले निर्णय

‘अँटिऑक्सिडंटने समृद्ध’ हे शब्द गेले. व्यापाऱ्याने ‘नैसर्गिक’ तरी राहू द्या म्हटलं. 2018 च्या नियमावलीत या शब्दालाही अटी आहेत, आणि साखर-परिरक्षक घातलेल्या मिश्र पदार्थाला तो सरळ लावता येत नाही. तोही गेला. उरलं ते ‘करवंदाचं सरबत’, फळाचं प्रमाण, साखरेचं प्रमाण आणि घटकांची यादी.

केएमएस बंद करून सोडियम बेंझोएट घ्यायचं ठरलं, 600 पीपीएमच्या मर्यादेत. बेंझोएट आम्लयुक्त पदार्थातच नीट काम करतं आणि करवंद मुळातच आंबट, त्यामुळे ते जुळलं. एक पथ्य मात्र गटाला बजावून सांगितलं : ‘व्हिटॅमिन सी वाढवू’ म्हणून वरून ॲस्कॉर्बिक आम्ल घालायचं नाही. बेंझोएटसोबत ते असलं तर उष्णतेत आणि उजेडात बेंझीनचे अंश तयार होऊ शकतात. केएमएस गेल्याने आणखी एक फायदा झाला. सल्फाइट किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलावर तशी सूचना द्यावी लागते, कारण दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. कारखान्याच्या चाचणी बाटलीवर ती सूचना नव्हती.

बाकीचे बदल किरकोळ, पण उपयोगी. रस जास्त वेळ रटरटत ठेवणं बंद केलं. लोखंडी झारा पातेल्यातून हद्दपार केला, कारण लोहाने सायनिडिन काळपट निळं पडतं. बाटल्या खोक्यात, सावलीत. तोडणीच्या वेळीच तांबूस फळं वेगळी काढून लोणच्याला द्यायची, सरबताला फक्त काळी. या शेवटच्या नियमावर गटात बरीच कुरकुर झाली. निवडत बसायला वेळ कुणाला आहे?

निष्पत्ती

व्यापाऱ्याने ऑर्डर पूर्ण रद्द केली नाही, पण निम्म्याहून कमी केली आणि आगाऊ रक्कम दिली नाही. आजाराचं नाव नसलेल्या सरबताला त्याच्या ग्राहकात तेवढी मागणी नाही, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं. गटाला त्या हंगामात अपेक्षेपेक्षा कमी पैसे मिळाले. काही बायका माझ्यावर नाराज झाल्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही झाले असते.

उरलेला माल गटाने घाटातल्या दोन खानावळींना दिला. तिथे बाटली उघड्यावर मांडलेली असते, लोक रंग बघून मागतात. बेंझोएटच्या बाटल्यांचा रंगही हळूहळू उतरला, खोलीच्या तापमानाला तो उतरणारच. पण पावसाळा संपेपर्यंत त्या लाल म्हणण्याजोग्या होत्या. खानावळवाल्यांनी पुढच्या वर्षासाठी आधीच सांगून ठेवलं.

वेगळं काय करता आलं असतं

बाटलीबंद करण्याआधी परिरक्षकाचा प्रश्न कुणीच विचारला नाही. कारखाना ठरवतानाच ‘रंगीत फळाचं काम केलंय का?’ एवढं विचारलं असतं तर चाचणीची तुकडी वाया गेली नसती.

प्रयोगशाळेला नमुना देताना कोणती चाचणी हवी हे आपण लिहून द्यावं. ‘अँटिऑक्सिडंट तपासा’ म्हटलं की सगळ्यात सोपी चाचणी होते. नमुन्यात काय काय घातलंय याची यादी सोबत दिली असती, तर तिथल्या तंत्रज्ञानेच सल्फाइटबद्दल हटकलं असतं. आणि फळाविना केलेला पाक पहिल्याच दिवशी सोबत पाठवायला हवा होता. त्याचा जास्तीचा खर्च एका नमुन्याचा.

आणखी एक मुद्दा मला अजून सुटलेला वाटत नाही. आम्ही सगळा वेळ सरबतावर घालवला, आणि ज्या द्रव्यांमुळे ही चर्चा सुरू झाली ती चोथ्यात होती. सालीसकट फळ वापरणारा पदार्थ, मग ती चटणी असो वा मुरंबा, आधी विचारात घ्यायला हवा होता. करवंदात पेक्टिन भरपूर असल्याने ते घट्ट होणं सोपं जातं. तोही सूज उतरवतो असं म्हणता येणार नाही, पण फळातलं जे आहे ते निदान पानात पडेल.

पुढच्या हंगामासाठी गटाने चोथा वाळवायला एक जाळीचं सौर वाळवणीयंत्र मागितलं आहे. वाळलेल्या चोथ्यात अँथोसायनिन किती उरतं हे त्या बारावी सायन्सवाल्या मुलीने मोजायचं ठरलंय. पीएचची दोन द्रावणं करायला ती शिकली आहे, आता फक्त करवंदं पिकायची वाट आहे.